सागाखालचं गवत

सप्टेंबरात परतवाड्याहून धारणीच्या एसटीत बसा आणि सेमाडोहच्या पुढे खिडकीची जागा सोडू नका. दाट सागात जमीन अर्धी उघडी दिसते. गवत असतं, पण विरळ, उंच आणि काडीसारखं बारीक. मध्येच एखादं झाड पडलेलं असतं, जंगलाच्या छताला भोक पडलेलं असतं, आणि तेवढ्याच तुकड्यात कमरेएवढं गवत दाटीनं उभं असतं. हरिसालच्या पुढे शेतं लागतात. तिथं बांधावरच्या मोहाखाली आणखी वेगळं दृश्य. भर सावलीत हिरवंगार मऊ गवत, शेजारच्या उघड्या पडीतलं मात्र पिवळं पडायला लागलेलं.

माझा पीएच.डी.चा विषय एका ओळीत सांगायचा तर हाच: सावलीत गवताचं काय होतं? नातेवाइकांना सांगितलं की ते म्हणतात, "कमी वाढतं, अजून काय?" मलाही पहिल्या वर्षी जवळपास असंच वाटत होतं. सिनॉप्सिसमध्ये मी ते जरा भारदस्त भाषेत लिहिलं होतं एवढंच.

धारणीजवळ माझे प्लॉट आहेत. तिथून रोज गुरं नेणारे एक बाबा आहेत, थाट्या समाजातले. मेळघाटात गावाची गुरं राखण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या या लोकांकडे आहे. पहिल्या पावसाळ्यात मी वही काढून त्यांना विचारलं, "बाबा, सागाखाली गवत कमी का हो?"

"कमी नाही. लांब होते, पन पातळ. ढोरं तोंड लावतेत अन् पुढं जातेत."

"अन् मोहाखाली?"

"तिथं गवतच वेगळं असते ना सर."

पहिलं उत्तर मी लगेच टिपून घेतलं, कारण ते माझ्या गृहीतकात बसत होतं. दुसरं टिपलं नाही. ती जुनी वही आजही माझ्याकडे आहे, त्या तारखेखाली फक्त सागाचं वाक्य आहे. हे सगळं सांगतोय कारण तुम्ही आत्ता कुठेतरी विषय निवडताय, सिनॉप्सिस लिहिताय, आणि न टिपलेलं वाक्य किती महाग पडतं ते मला आता ठाऊक आहे.

त्या दोन उत्तरांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावली तेच गवत बदलते, म्हणजे लांब करते, पातळ करते, ही एक. आणि सावली दुसरंच गवत तिथं आणून बसवते, ही दुसरी. बाहेरून पाहिलं तर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, सावलीत वेगळं आणि उन्हात वेगळं. कारण मात्र अगदी निराळं. या दोन गोष्टींची गल्लत करणारा मी पहिला नाही. याच डोंगरांतल्या एका गवतावरून शंभरेक वर्षांपूर्वी हाच घोळ झाला होता, आणि त्यात अत्तराचे व्यापारीसुद्धा होते.

ते गवत म्हणजे तिखाडी. वऱ्हाडात तुमच्या आजीनं गुडघ्याला तिखाडीचं तेल लावलेलं असणार. हिंदीत त्याला रोशा म्हणतात, इंग्रजी कागदपत्रांत ते 'रुसा' म्हणून सापडतं. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. यातला 'मार्टिन' म्हणजे क्लॉड मार्टिन, लखनौचा फ्रेंच जनरल, ज्याच्या पैशातून ला मार्टिनिएर शाळा उभ्या राहिल्या. टिपूबरोबरच्या युद्धाच्या काळात दख्खनच्या घाटमाथ्यावर त्याच्या लक्षात आलं की एका उग्र वासाच्या गवतावर गुरं तुटून पडतात आणि मग त्यांच्या दुधालोण्यालाही तो वास येतो. त्यानं बी गोळा केलं, ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात रॉक्सबर्गकडे पोचलं आणि रॉक्सबर्गनं गवताला मार्टिनचं नाव दिलं. म्हणजे शास्त्रात या गवताची नोंद झाली ती गुरांच्या चारा खाण्यावरून. तेलाची गोष्ट नंतरची.

१९व्या शतकात मेळघाट, निमाड, बैतूल आणि खानदेश हा या तेलाचा मोठा मुलूख होता. पावसाळा सरताना, गवत फुलावर आलं की ओढ्याच्या काठी भट्ट्या लागायच्या. मोठ्या कढईत गवत कोंबायचं, पाणी घालायचं, झाकण मातीनं लिंपायचं, बांबूच्या नळीतून वाफ बाहेर काढायची आणि ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात ती उतरवायची. पाण्यावर तेल तरंगायचं. हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जायचं आणि तिथून बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळलं जायचं. युरोपच्या बाजारात त्याचं नाव होतं 'तुर्की जिरेनियम तेल'. त्यात जिरेनियम नव्हतं आणि ते तुर्की तर नव्हतंच.

भट्टीवाल्यांकडे या गवताला दोन नावं होती, मोतिया आणि सोफिया. मोतियाचं तेल गोडसर, गुलाबाच्या जवळ जाणाऱ्या वासाचं आणि महाग. सोफियाचं उग्र, आल्याची आठवण करून देणारं आणि स्वस्त. पुढे व्यापारात पहिल्याला पामारोझा म्हणू लागले आणि दुसऱ्याला जिंजरग्रास. गवत उभं असताना मात्र या दोघांत फरक करणं महाकठीण. हर्बेरियमच्या कागदावर चिकटवलेला नमुना पाहून तर चांगले चांगले चकायचे.

मग हे दोन काय आहेत? १९व्या शतकातल्या काही नोंदी म्हणतात की हा वयाचा फरक आहे. कोवळं, पांढुरकं फुललेलं ते मोतिया, पिकून लालसर झालं की सोफिया. दुसरं निरीक्षण जागेचं होतं. मोतिया उघड्या, कोरड्या, उन्हाच्या उतारावर मिळतो. सोफिया जंगलातल्या ओलसर, सावलीच्या जागी. तेव्हा एकच गवत उन्हात वाढलं की मोतिया आणि सावलीत वाढलं की सोफिया, असं समजणं अगदी साहजिक होतं. तिसरी शक्यता अशी की हे मुळातच दोन वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकानं आपापली जागा धरली आहे.

इथे थोडं थांबून विचार करा. तुमच्या हातात फक्त जंगलातलं निरीक्षण आहे: उन्हात हा, सावलीत तो. या तिन्हींपैकी कोणतं स्पष्टीकरण खरं, हे तुम्ही जंगलात कितीही फिरलात तरी कळणार नाही. शंभर जागा पाहिल्या काय आणि हजार पाहिल्या काय. नमुन्यांची संख्या वाढवल्यानं तुमचा कोरिलेशन तेवढा घट्ट होईल.

ओटो स्टाफ यांनी १९०६ मध्ये क्यू उद्यानाच्या बुलेटिनात भारत आणि सिलोनच्या तेलगवतांचा मोठा आढावा घेतला. कलकत्त्याच्या आय. एच. बर्किल यांनी १९०९ मध्ये रुसा तेलावर लिहिताना मोतिया आणि सोफिया हे दोन वेगळे प्रकार म्हणून मांडले. आज वनस्पतिशास्त्रात ते एकाच जातीचे दोन वाण समजले जातात. शेतात पामारोझा लावणाऱ्याला तर हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. मोतियाचं बी पेरलं तर मोतियाच उगवतो, आणि बियाण्यात सोफिया मिसळला असेल तर त्याच उघड्या रानात, त्याच उन्हात तो सोफियाच राहतो आणि तेलाचा भाव पाडतो. सावलीनं सोफिया घडवला नव्हता, तिथं तो टिकला होता. बाबांचं न टिपलेलं वाक्य मला हे वाचताना पहिल्यांदा ऐकू आलं, आणि तोवर माझा एक पावसाळा संपला होता.

आता तुम्ही विचाराल की मेळघाटात दीडशे वर्षं वनखातं आहे, त्यांनी हे मोजलं नाही का? मी याच आशेनं जुने अहवाल वाचायला बसलो होतो.

१८५३ च्या तहानं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कापूस पसरत गेला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, तिला स्लीपरला लाकूड हवं होतं. त्याच दशकात मेळघाटातल्या सागाची राखीव जंगलं आखायला सुरुवात झाली. खाली मैदानात चराईची पडीक जमीन नांगराखाली गेली आणि वर डोंगरात साग कुंपणाआड गेला. मधल्या मध्ये गुरं अडकली. लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातल्या गुरांवर आणि चराईवर एक अख्खं पुस्तक लिहिलंय, 'इकॉलॉजी, कलोनिअलिझम अँड कॅटल' (२००४). विषय कोणताही असो, वऱ्हाडात फील्डवर्क करणार असाल तर ते वाचाच. शेजारच्या मध्य प्रांताच्या जंगलांसाठी महेश रंगराजन यांचं 'फेन्सिंग द फॉरेस्ट' (१९९६) आहे.

वऱ्हाडच्या जंगलांचे सरकारनं तीन वर्ग केले. अ वर्ग लाकूडफाट्यासाठी, ब वर्ग गवतासाठी राखलेले रमणे, क वर्ग चराऊ जमीन. कागदावर हे फार सोपं दिसतं, कारण झाड एका रकान्यात आणि गवत दुसऱ्या. १८९३ मध्ये व्होएल्कर यांचा भारतीय शेतीवरचा अहवाल आला. शेतकऱ्याला जळण आणि चारा मिळाला तर शेण चुलीत न जाता शेतात जाईल, असा त्यांचा धरलेला मुद्दा होता. पुढच्या वर्षी, १८९४ मध्ये आलेल्या वनधोरणानं देशभरच्या जंगलांचे चार गट केले, त्यात शेवटचा गट चराऊ रानांचा. पण अ वर्गाच्या जंगलात झाडाखाली जे उगवत होतं ते काय होतं, कुठलं होतं? अहवालांत त्याला एकच शब्द आहे, 'गवत'. मारवेल असो, पवना असो, कुसळी असो की तिखाडी. किती जनावरं चरली, जनावराच्या जातीनुसार किती फी जमा झाली, किती एकर चराईला बंद आणि किती खुलं, वणवा कुठे लागला, हे सगळं नीट आहे. प्रकाश नाही. गवताची जात क्वचित.

यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वनाधिकाऱ्याच्या लेखी गवत म्हणजे वणव्याचं सरपण आणि सागाच्या रोपाचा शत्रू. ट्रूप यांच्या १९२१ च्या तीन खंडी ग्रंथात साग हा प्रकाशाचा फार भुकेला वृक्ष म्हणून येतो. रोपाला ऊन हवं, आणि ऊन दिलं की गवतही माजतं. म्हणून लागवडीच्या पहिल्या काही वर्षांत गवत कापत राहायचं आणि सागाची छत्री मिटली की ते आपोआप दबतं. गवत दबणं ही त्यांच्या दृष्टीनं यशाची खूण होती. एकदा दबलं की मोजायचं कशाला?

एक गोष्ट मात्र जुन्या कागदांनी मला शिकवली, ती सागाच्या वेळापत्रकाची. मेळघाटातला साग हिवाळ्याच्या शेवटाला पानं गाळतो आणि उन्हाळाभर नागडा असतो. पाऊस आला की परातीएवढी पानं फुटतात. गवताचाही अख्खा संसार जून ते नोव्हेंबर एवढाच. म्हणजे साग सावली धरतो ती नेमकी गवताच्या वाढीच्या महिन्यांत. एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा ओल टिकवायला सावलीचा उपयोग झाला असता, तेव्हा वर काहीच नसतं. त्यामुळे 'झाडाच्या सावलीचा परिणाम' असं सरसकट वाक्य लिहिण्याआधी विचारायला हवं की कुठलं झाड आणि कुठला महिना. मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये नुसतं 'ट्री शेड' लिहिलं होतं आणि ते कुणी खोडलंही नाही.

शरीरक्रियेची बाजू तुम्ही एम.एस्सी.ला वाचली असेल, म्हणून भरभर सांगतो. उष्ण प्रदेशातली बहुतेक कुरणाची गवतं सी-४ आहेत. त्यांच्या पानातल्या शिरांभोवतीचं पेशींचं कडं हाबरलांट यांनी १९व्या शतकातच पाहिलं होतं. ते कशासाठी आहे हे कळायला १९६५-६६ उजाडलं. हवाईत ऊस बागाईतदारांच्या प्रयोगशाळेत कॉर्टशाक आणि सहकाऱ्यांना उसात कार्बन आधी तीन कार्बनच्या नव्हे, चार कार्बनच्या आम्लांत सापडला, आणि ब्रिस्बेनमध्ये हॅच आणि स्लॅक यांनी तो मार्ग उलगडला. दोन्ही ठिकाणी पैसा साखरेचा होता. कुरणाच्या गवतासाठी एवढा खर्च कुणी केला असता असं वाटत नाही.

या मार्गाला ऊर्जा जास्त लागते. भरपूर ऊन आणि उष्णता असेल तर तो फायद्याचा. सी-३ वनस्पतीचं एकेक पान पूर्ण उन्हाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच तृप्त होतं. सी-४ गवताचं पान पूर्ण उन्हातही अजून मागत असतं. म्हणून ऊन निम्मं केलं की सी-४ गवताला फटका बसणार, हे सरळ गणित. सावलीत ते फुटवे कमी करतं, पानं लांब आणि पातळ करतं, मुळांवरचा खर्च कापून वर लावतं. सागाखालचं 'लांब पन पातळ' ते हेच.

गणित इथेच संपलं असतं तर मी हा विषय घेतला नसता.

१९८१ मध्ये एरिक्सन आणि व्हिटनी यांनी हवाईत सहा चारागवतं वेगवेगळ्या सावलीत आणि वेगवेगळ्या नत्रावर वाढवली. भरपूर नत्र दिलं तिथं उन्हातलं गवत पुढे, अपेक्षेप्रमाणे. पण नत्राची उपासमार होती तिथं मध्यम सावलीतल्या काही गवतांचं उत्पादन उन्हातल्यापेक्षा जास्त निघालं. १९९०च्या आसपास क्वीन्सलँडमध्ये जॉन विल्सन आणि सहकाऱ्यांना निलगिरीच्या लागवडीखाली तेच दिसलं: बहिया गवत उघड्यापेक्षा झाडाखाली जास्त वाढलं होतं, आणि त्यात नत्रही जास्त होतं. प्रकाश कमी मिळून वाढ जास्त. असा निकाल तुमच्या हाती आला तर आधी काय वाटेल? मला तर मशीन बिघडलं असंच वाटलं असतं.

विल्सन यांनी पुढच्या काही वर्षांत हे प्रकरण तडीस नेलं, आणि उत्तर पानात नव्हतं, मातीत होतं. जुन्या, दमलेल्या कुरणात नत्र असतं, पण ते कुजक्या मुळांत आणि काडीकचऱ्यात अडकलेलं असतं. ते सोडवायला सूक्ष्मजीव लागतात आणि सूक्ष्मजीवांना ओल लागते. उघड्या जमिनीचा वरचा थर उन्हानं दोन दिवसांत कोरडा होतो; सावलीत तो ओला राहतो, मातीचं तापमानही उतरतं, कुजणं चालू राहतं, नत्र सुटतं. गवत प्रकाशात तोट्यात असतं, पण त्याची खरी अडचण प्रकाश नसतेच, नत्र असते. ती थोडी सुटली की वाढ होते. नत्र आधीच मुबलक असेल तर हा फायदा उरत नाही आणि प्रकाशाचा तोटा तेवढा राहतो. पहिलं गणित चूक नव्हतं, ते फक्त पोटभर जेवलेल्या गवतासाठी होतं.

केनियात त्सावोच्या रानात बेल्स्की यांनी गोरखचिंच आणि छत्रीच्या आकाराच्या बाभळीखाली मोजमाप केलं, तर तिथंही झाडाखाली गवत जास्त. कोरड्या जागी हा फायदा मोठा, जास्त पावसाच्या जागी कमी. पण त्या तिथं थांबल्या नाहीत. झाडाखाली गवत चांगलं आहे म्हणजे सावलीमुळे, की पानगळीच्या खतामुळे, की तिथं जनावरं बसतात आणि शेण पडतं म्हणून? आणि झाडाची मुळं उलट गवताचं पाणी ओढतात त्याचं काय? त्यांनी कृत्रिम सावली वेगळी केली, मुळं तोडायला चर खणले, एकेक धागा सुटा करून पाहिला. १९९४ चा त्यांचा 'इकॉलॉजी'मधला पेपर प्रयोग कसा आखावा यासाठी वाचा, निकालासाठी नंतर.

हे सगळं वाचून मी काय केलं? बाजारातून निम्मं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट आणली, बांबू पुरले आणि उघड्या रानातल्या गवतावर ताणली. माझ्या डोक्यात ही झाली 'सागाची सावली'. पहिल्या पंधरवड्यात बकऱ्यांनी एक कोपरा फाडला, ते सोडून द्या, तो खर्चाचा भाग आहे. खरी गडबड वेगळी होती. नेटखालचं गवत सागाखालच्या गवतासारखं दिसेचना. फुटवे बऱ्यापैकी टिकून होते, पानं थोडी लांबलेली, पण तो काडीसारखा बारीकपणा नाही.

कारण १९८५ च्या एका अर्जेंटिनी पेपरात होतं, जो मी प्रयोगाच्या आधी वाचायला हवा होता. डेरेगिबस आणि सहकाऱ्यांनी कुरणात दाट गवताच्या बुडाशी फक्त थोडा लाल प्रकाश सोडला. वाढीला पुरेल एवढा तो नव्हताच, तरी गवताला जास्त फुटवे आले. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि त्यापलीकडचा दूर-लाल प्रकाश खाली सोडतं. खालच्या गवताला या दोघांचं प्रमाण कळतं, आणि वर कुणीतरी आहे हे ओळखून ते फुटवे थांबवतं आणि उंच व्हायला लागतं. नेट अंधार करते, पण पानासारखी लाल तेवढी गाळून घेत नाही. म्हणजे माझ्या प्लॉटमध्ये ऊन कमी होतं, पण गवताच्या दृष्टीनं वर झाड नव्हतंच. शिवाय सागाचं मोठं पान पावसाचं पाणी गोळा करून जाड थेंबांनी खाली टाकतं आणि माती उडवतं. नेट ते पाणी बारीक करते. आणि नेटला मुळं नसतात. मी 'सावली' या एका शब्दात चार गोष्टी कोंबल्या होत्या.

आणखी एक, अगदी कामाची गोष्ट. पहिल्या वर्षी मी प्रकाश लक्स-मीटरनं मोजला, कारण तोच उपलब्ध होता. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, डोळ्याला हिरवा जास्त दिसतो. झाडाखाली उरलेल्या प्रकाशात हिरव्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून लक्स-मीटर तिथं गवताला मिळतो त्याहून जास्त प्रकाश दाखवतो. तुमच्या विभागात क्वांटम सेन्सर नसेल तर शेजारच्या कृषी विद्यापीठात विचारा, पण त्याच्याशिवाय सावलीचा प्रयोग सुरू करू नका. माझे ते सगळे आकडे आता फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत.

पहिल्या हंगामाचा डेटा सादर केला तेव्हा समितीत कुणी रागावलं नाही. एका सदस्यांनी एवढंच विचारलं, "हे गवत सागाखाली सापडतं का?" मी नेट ताणली होती ती मारवेलवर. मारवेल हे मोकळ्या रानाचं गवत. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये 'द ग्रास कव्हर ऑफ इंडिया' प्रसिद्ध केलं, त्यात दख्खनच्या पठारापासून मध्य भारतापर्यंतच्या पट्ट्याला पवना आणि मारवेल या दोन गवतांच्या शास्त्रीय नावांवरूनच नाव दिलेलं आहे, सेहिमा–डायकॅन्थियम. मी त्या उन्हातल्या गवताला कोंडून विचारत होतो की सावलीतली गवतं कशी वागतात. मोतियाला सावलीत बांधून तो सोफिया होतो का पाहण्यासारखंच हे.

हा प्रश्न माझ्या प्रबंधापुरता असता तर एक हंगाम गेला म्हणून हळहळलो असतो इतकंच. पण मेळघाटात त्याच्यावर बरंच काही अवलंबून आहे. १९७४ मध्ये इथं व्याघ्र प्रकल्प झाला. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा आणि कुंड ही गावं गाभ्यातून बाहेर हलवली गेली, नंतर आणखी गावं गेली. जिथं लोकांची शेतं होती, घरं होती, तिथं आज कुरणं आहेत आणि सांबर, गवे तिथं चरतात. ती कुरणं आपोआप झालेली नाहीत. तरोटा, रानतुळस उपटावी लागली, चांगल्या गवताचं बी धरावं लागलं. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयातले प्रा. गजानन मुरतकर यांनी या कामात बरीच वर्षं घातली आहेत. आता त्या मोकळ्या तुकड्यांत कडेनं सागाची रोपं शिरतात. ती काढायची की राहू द्यायची? किती झाडं राहिली तर खालचं गवत नुसतं पातळ होईल, आणि किती झाली की गवतच बदलेल? पातळ झालेलं गवत झाड काढल्यावर पुढच्या पावसाळ्यात परत दाट होतं. जात निघून गेली असेल तर तिचं बी कुठूनतरी परत यावं लागतं, आणि तोवर ती जागा घाणेरीनं धरलेली असते. बाहेरच्या पट्ट्यात, धारणीकडच्या गावांत, हाच हिशेब बाबांच्या गुरांना लागू आहे. कुठलं रान किती वर्षं चराईला बंद ठेवायचं हे ठरवताना आत साग दाटला तर बंदी उठल्यावर त्यांना चरायला काय मिळणार, हे आधी कळायला हवं.

म्हणून माझा प्रयोग आता वेगळा आहे. कॅलिफोर्नियात क्लॉसन, केक आणि हीसी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आहे, एका जागची रोपं दुसऱ्या जागी आणि दुसऱ्या जागची पहिल्या जागी लावायची. त्यांनी ती समुद्रकाठापासून उंच पर्वतापर्यंत केली; माझा पर्वत म्हणजे सागाची सावली आणि तिच्यापासून चाळीस पावलांवरची मोकळी जागा. सागाखालच्या गवताचे मातीसकट ठोंब काढून उन्हात लावले, उन्हातले सागाखाली, आणि काही ठोंब काढून परत होते तिथंच लावले, नाहीतर उपटण्याचा धक्काच मी सावलीचा परिणाम म्हणून मोजला असता. मोहाखालचा तिसरा संच आहे. निम्म्या ठोंबांभोवती मुळं तोडायला चर खणलाय, तो बेल्स्कींकडून घेतला. शेडनेट घडी करून ठेवली आहे, गाइडच्या सांगण्यावरून भाजीवाल्यांना विकणार होतो, पण अजून विकली नाही.

ठोंब लावले त्या दिवशी बाबा आले होते. सागाखाली लावलेल्या मारवेलकडे बघून म्हणाले, "हे मरन."

या वेळी तारखेसकट टिपून घेतलं. ऑक्टोबरात मोजणी आहे.